पोचलीस की फोन कर

मुक्ता, घरातल्या शेल्टरच्या खोलीतलं मी अजून काही हलवलेलं नाही. तुझं स्टूल आहे तिथंच आहे. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर माझ्या आईची गोधडी तशीच लटकतेय आणि तिच्यासमोर माइक. परवा तांदूळ काढायला आत गेले आणि सवयीने दार हळू लोटलं, आवाज होऊ नये म्हणून. मग लक्षात आलं, आता हे दार धाडकन आपटलं तरी कुणाचं रेकॉर्डिंग बिघडणार नाही. मी खरंच आपटलं. मग आणखी एकदा आपटलं. ईरा बाहेरून ओरडली, "मम्मा, व्हॉट आर यू डुइंग?" काय सांगणार पोरीला! भांडंभर तांदूळ घेतले आणि बाहेर आले.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. भेटायला येणारा जो तो म्हणतो, हळूहळू सवय होईल. होत नाहीये. आणि झाली तर मला ती नकोय. पण आज हे लिहायला बसलेय त्याचं कारण वेगळं आहे. तुझ्या गाण्याचं मी काहीतरी करून बसलेय, आणि तू असतीस तर घर डोक्यावर घेतलं असतंस. तेव्हा आधी सगळं ऐकून घे, मग भांड.

इथं सिंगापुरातल्या मराठी मंडळींनी तुझ्यासाठी एक छोटी सभा ठेवली होती. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि हातात एक कागद दिला: ‘अमेरिकन गायिका आणि गीतकार, तीन अल्बम.’ मी तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि नुसतीच रडले. तू स्वतः कशी सांगायचीस! "ताई, माझं करिअर म्हणजे तीन रेकॉर्ड्स आणि एक खटारा गाडी."

खरं तर चार. पहिलीबद्दल कुणालाच माहीत नाही. कुंदामावशी, म्हणजे तुझी आई, माझ्या आईची धाकटी बहीण, लग्न करून ओहायोला गेली तेव्हा फोन ही सणासुदीला करायची गोष्ट होती. म्हणून दोघी बहिणी कॅसेट पाठवायच्या. एकच कॅसेट. ती तिकडून यायची, आम्ही पुण्यात सगळे भोवती बसून ऐकायचो, आणि तिच्यावरच आमचं बोलणं भरून ती परत पाठवायचो. दुसरी कॅसेट घ्यावी, ही जपून ठेवावी, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तू चार-पाच वर्षांची असताना त्या कॅसेटवर स्वतः रचलेलं एक गाणं म्हटलं होतंस. बर्फावर होतं, अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. आई म्हणाली, "अगं बाई, काय गोड म्हणते कार्टी!" आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर बाबांनी आरती म्हटली आणि मी तेरा ते वीसचे पाढे.

हे मी तुला इथं, हौगांगच्या या घरात, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू पोट धरधरून हसली होतीस. मग डोळे पुसत म्हणालीस, "सी? तेव्हापासून माझ्या जागेवर तूच बोलतेयस." तेव्हा मीही हसले. आता ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

मग तुझ्या त्या कागदावरच्या तीन. पहिली टेनेसीतल्या कुठल्याशा कंपनीने काढली. त्यांनी तुझा आवाज मशीनमध्ये घातला, श्वास कापले, सूर जरा हलत होता तिथं ठोकून सरळ बसवला. "माझ्या आवाजाला इस्त्री केली," असं म्हणायचीस. त्यातल्या त्यात खपली ती तीच, आणि तीच तू आयुष्यात परत कधी ऐकली नाहीस. एखाद्या दुकानात लागली तर हातातलं सामान ठेवून बाहेर पडायचीस म्हणे. दुसरी मित्राच्या गॅरेजमध्ये केलीस. तिसरी एका लाँड्रीच्या तळघरात, आणि तिच्यातल्या प्रत्येक गाण्यामागे कपडे वाळवायची मशीनं घुमतात.

मला ती तिसरी कधीच आवडली नाही. "काय ते घूं घूं! माणसाला गाणं ऐकू येऊ दे की," मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "ताई, ती लाँड्री होती. मग लाँड्रीच ऐकू येणार ना?" यावरून आपण किती भांडलो, शी! मी पडले सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली. वन-नॉर्थच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या कामातल्या चुका काढते आणि त्याचाच पगार घेते. चूक समोर दिसतेय आणि ती तशीच सोडून द्यायची, हे मला जमतच नाही. "नीट करता येतं ना? मग करायचं," हे माझं. "नीट केलं की ते माझं राहत नाही," हे तुझं. भाजी चिरताना भांडलो, एमआरटीच्या डब्यात भांडलो, हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर कोपीचे, इथल्या गोडमिट्ट कॉफीचे, पेले पुढ्यात घेऊन भांडलो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना वाटायचं, या दोघींची नक्की मालमत्तेवरून चालली आहे.

या तीन रेकॉर्ड्सच्या मधली वर्षं तू गाडी चालवण्यात काढलीस. आज या गावात वीस माणसांसमोर गायचं, उद्या त्या गावात. आणि निघताना मावशीचं दारात एकच: "पोचलीस की फोन कर." बाकी तुझ्या गाण्याचं तिला काडीचं कळायचं नाही. कार्यक्रमाला आलीच तर मागच्या खुर्चीत, मांडीवर पर्स, अंगात कोट तसाच. ओळखीपाळखीत सांगायची, "मुक्ता म्युझिक टीचर आहे." एकदा कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "सगळं छान होतं गं, पण एक तरी मराठीत म्हणायचंस." त्यावर तू महिनाभर तिच्याशी बोलली नव्हतीस. पण ते लागलं होतं तुला. नाहीतर इतक्या वर्षांनी सिंगापूरला, गाणी लिहायला शिकवायची नोकरी घेऊन आल्यावर, पहिल्याच महिन्यात माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून "ताई, मला मराठी रेकॉर्ड करायची आहे. आईसाठी," असं कशाला म्हणाली असतीस?

मी म्हटलं, कर की. जागा कुठाय? तू घरभर टाळ्या वाजवत फिरलीस, प्रत्येक खोलीचा आवाज ऐकत. आणि शेल्टरमध्ये शिरून अशी काही ओरडलीस की मला वाटलं झुरळ निघालं. इथल्या प्रत्येक नव्या सरकारी फ्लॅटमध्ये ती खोली असते, जाड भिंतींची, पोलादी दाराची. बाँब पडलेच तर लपायला बांधलेली. बाँब काही पडत नाहीत, म्हणून सगळे तिच्यात तांदूळ, सुटकेसा आणि मोडके पंखे ठेवतात. तुला तो स्टुडिओ दिसला. भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही, म्हणून कपड्यांच्या स्टँडवर गोधडी टाकली. आत वारा नाही, पंखा लावला तर माइकमध्ये येतो. दोन कडवी झाली की घामाघूम होऊन हॉलमधल्या पंख्याखाली पळायचं. दमट हवेने गिटार दर तासाला उतरायची आणि तू तिला अमेरिकन शिव्या घालायचीस. शेजारच्या चिनी आंटीने लिफ्टमध्ये विचारलं, "एव्हरी सन्डे यू ऑल प्रेइंग, इज इट?" तू अगदी गंभीरपणे सांगितलंस, "येस आंटी."

आणि तुझी ती रीत. गाणं रचून झालं की ते आधी दुसऱ्या कुणाकडून तरी म्हणवून घ्यायचं. गिटार तुझी, आवाज त्याचा. त्याला तू पायलट म्हणायचीस. कधी ड्रम वाजवणारा, कधी गॅरेजवाल्या मित्राची बायको, लाँड्रीच्या वेळी तर तिथला इस्त्री करणारा माणूस. "दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला कळतच नाही, ते गाणं आहे की माझी नुसती बडबड." ते पटलं की पायलटचा आवाज काढून टाकायचा आणि मग तू बसायचीस, आणि एका दमात म्हणायचीस. इथं पायलट कोण? मी! शाळेत प्रार्थनेला नुसते ओठ हलवणारी मी. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून आवाजच फुटेना. तू म्हणालीस, "ताई, वाईट म्हण. तू वाईट म्हटलंस तरी गाणं उभं राहिलं, तर ते पास." टेस्टरला एवढं सांगितलं की पुरे. मी म्हटली बाई सगळी गाणी, एकेक करून, घाम पुसत.

खरं सांगू? ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. चाळिशी उलटल्यावर मला कुणी गा म्हणालं. ईरा, जी माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्लिशमध्ये उत्तर देते, ती तुझ्या त्या मोडक्या मराठीला मराठीत उत्तर द्यायला लागली. इतकी वर्षं मी आटापिटा केला आणि ते झालं एका अमेरिकन बाईमुळे. हे तुला एकदाही नीट सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणता राहिलंच.

त्यातलं एक गाणं मला पहिल्या दिवसापासून लागलं. तू हसत हसत सांगितलं होतंस, गावाला पोचायला उशीर व्हायचा आणि मावशी फोनची वाट बघत बसायची, म्हणून तू एक युक्ती काढलीस. अर्ध्या वाटेत, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवायची आणि फोन करायचा, "पोचले गं आई. झोप आता." मग मावशी "बरं, झोपते" म्हणायची आणि तू पुढचे दोन-तीन तास निवांत गाडी हाणायचीस. "पुअर आई, तिला कधी कळलंच नाही," म्हणालीस. त्याचंच गाणं:

पोचलीस की फोन कर, म्हणालीस तू दारात
पोचले गं आई, झोप आता, मी आहे अजून वाटेत

मी लगेच म्हटलं, "दारात आणि वाटेत नीट जुळत नाही गं. बदल की." तू म्हणालीस, "ती घरात आहे, मी रस्त्यात. कशाला जुळेल?"

मावशीला तू फोनवर सांगितलंस, मराठी रेकॉर्ड करतेय, तुझ्यासाठी, पण पूर्ण झाल्याशिवाय ऐकवणार नाही. तिने त्यानंतर दर फोनला विचारलं, "झाली का गं?" "होतेय, आई." सगळे पायलट झाले. आता फक्त तू बसायची होतीस. आणि तुझा आवाज बसला.

तू म्हणालीस, एसीमुळे. मी म्हणाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. ज्येष्ठमध आणलं, हळद-दूध पाजलं. "सुटला आवाज की म्हणते, दोन रविवार लागतील फक्त," तू म्हणायचीस. आवाज सुटला नाही. डॉक्टरने आत नळी घालून बघितलं आणि स्वरयंत्रावर गाठ सांगितली. ऑपरेशन म्हणजे आवाज जाणार, हेही त्याच वाक्यात.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तू एकटी शेल्टरमध्ये गेलीस. मी बाहेर दाराला कान लावून उभी. ‘पोचलीस की फोन कर’ लावलं होतंस. जे ऐकू आलं तो आवाज नव्हता, नुसता घसा खरवडत होता. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "पुसलं." मी भडकले. "लाँड्रीची घूं घूं चालते तुला, आणि हे नाही चालत? हेही खरंच आहे ना?" तू अगदी बारीक आवाजात म्हणालीस, "लाँड्रीत मी होते, ताई. हा आजार आहे. आईला मी माझा आजार ऐकवू?" इतक्या भांडणांत तू एवढी एकदाच जिंकलीस आणि तीही अशी.

ऑपरेशननंतर तू फोनवर टाइप करून बोलायचीस. आजार फुप्फुसात उतरला होता, ते आपल्या दोघींना कळलं होतं. एका दुपारी तू फोन माझ्यापुढे धरलास: "तुझाच आवाज ठेव." मला आधी कळलंच नाही. मग कळल्यावर मी म्हणाले, "वेडी का काय? माझा? भसाड्या आवाजात तुझी शेवटची रेकॉर्ड?" तू टाइप केलंस, "गाणं माझंच आहे." मी म्हणाले, "तुझ्या आईला गाणं नकोय मुक्ता, तिला तू पाहिजेस." तू पुन्हा टाइप करायला लागलीस. तेवढ्यात नर्स आली, सलाईन बदललं, तुला झोप लागली. ते वाक्य अर्धंच राहिलं. पुढं तू काय म्हणणार होतीस, मी रोज वेगवेगळं धरून चालते. कुठलंच पटत नाही.

मावशीला येता आलं नाही. गुडघे, हृदय, एवढा प्रवास. मंदाईच्या स्मशानात तुला निरोप देताना मी फोन उंच धरून उभी होते आणि ती तिकडे खुर्चीत बसून बघत होती. शेवटी माझा हात भरून आला, ईराने फोन धरला. मावशी रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला आणि तिने एकच मागितलं. "अशू, तिने माझ्यासाठी म्हटलेलं तेवढं पाठव गं. मला तिच्या तोंडून मराठी ऐकायचंय." मी म्हणाले, "हो मावशी, पाठवते." दुसरं काय म्हणणार होते? म्हटलेलंच नाही, असं सांगू? नऊ गाणी आहेत, सगळीकडे तुझी गिटार आहे, आणि जिथं तू असायला हवीस तिथं मी आहे, बेसूर, असं सांगू? परत फोन आला. परत मी म्हणाले, पाठवते.

आता ऐक. प्राची आठवते ना? मुंबईची, युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करते, रविवारी वरण-भात खायला यायची. ती माणसांच्या आवाजांवरच काम करते. भेटायला आली तेव्हा मी तिच्यापुढे रडले, तर म्हणाली, "ताई, मुक्ताताईचा स्वच्छ आवाज मिळाला तर तुमच्या आवाजाच्या जागी तो बसवता येईल. म्हटलेलं तुमचंच, फक्त गळा तिचा." मी म्हटलं, नको. मग म्हटलं, खरंच होतं? मग म्हटलं, कर.

स्वच्छ आवाज कुठला, तर पहिल्या रेकॉर्डचा. तिसरीत लाँड्री, दुसरीत गॅरेज घुमतंय. त्या इस्त्रीवाल्या आवाजातूनच केलं बघ. तू दुकानातून पळून जायचीस त्यातून. एका शनिवारी दुपारी, माझ्या जेवणाच्या टेबलावर, चिवडा खात खात केलं पोरीने. आणि लावलं.

मुक्ता, ती तू होतीस. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि वळून शेल्टरच्या दाराकडे बघितलं, इतकं खरं वाटलं. "पोचलीस की फोन कर, म्हणालीस तू दारात," तू म्हणत होतीस, मराठीत, स्वच्छ, सुरात. मी ढसाढसा रडले. पुन्हा लावलं. आणि दुसऱ्यांदा ऐकताना कळायला लागलं. वरच्या सुराला मी घाबरते, तिथं तू घाबरत होतीस. ‘झोप आता’च्या आधी मी श्वास घ्यायला अडखळते, तिथं तू अडखळत होतीस, फक्त श्वास नव्हता. तुझ्या गळ्यातून मी गात होते. ईरा दारात उभी राहून ऐकत होती. आपल्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये म्हणाली, "नाइस. बट मुक्तामावशी नेव्हर सो केअरफुल, लाह." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी ठरवलं, नाही पाठवायचं. अगदी ठरवलं. प्राचीला सांगितलं, बाकीची करू नकोस.

काल रविवार. सकाळी मावशीचा व्हिडिओ कॉल, तिकडे शनिवारची संध्याकाळ. खुर्चीत बसली होती, अंगात तुझा तो जुना निळा स्वेटर, बाह्या दुमडून. चार वाक्यं इकडची तिकडची झाली. मग म्हणाली, "अशू, गाणी काही सापडली नाहीत का? नसतील तर नसू देत. सारखं विचारते म्हणून रागावू नकोस." हे तिने इतकं हळू विचारलं! दिवसभर लोकांना ‘नाही’ म्हणणारी मी. मला त्या म्हातारीला ‘नाही’ म्हणवेना. मी लॅपटॉप फोनजवळ सरकवला आणि लावलं.

ती ऐकताना हलली नाही. तुझ्या कार्यक्रमात मागच्या खुर्चीत बसायची तशीच, फक्त मांडीवर पर्स नव्हती. संपलं. तिने चष्मा काढून तुझ्या स्वेटरच्या बाहीला पुसला.

"हे कधी म्हटलं गं तिने?"

"ऑपरेशनच्या आधी, मावशी," मी म्हणाले. पापणी न हलवता.

"आधी तर तिचा आवाज गेला होता. मला फोन केला होता ना तिने. शब्द फुटत नव्हता धड."

मी लॅपटॉपचा आवाज उगीच कमी केला. खाली मार्केटमध्ये कोंबडीवाल्याचा सुरा ओट्यावर पडत होता. मला वाटलं आता ती फोन ठेवणार. ठेवला असता तर बरं झालं असतं.

"हायवेवरून फोन करायची," मावशी म्हणाली. "पोचले म्हणायची. मागून ट्रक जाताना मला काय ऐकू येत नव्हते? मी म्हणायचे, बरं, झोपते. आणि बसून राहायचे."

"मग तिला कधी बोलली का नाहीस?"

"कशाला? बिचारी मुद्दाम गाडी थांबवून फोन करायची."

मुक्ता, तुला हे ठाऊक नव्हतं. तू त्यावर आख्खं गाणं केलंस आणि तुला ठाऊक नव्हतं. ती सगळी वर्षं ती जागी बसायची, आणि तू खुशाल गाडी हाणत होतीस. आता हे मी तुला कुठल्या पत्त्यावर कळवू? तुझ्या त्या अर्ध्या वाक्याचं काय करू? मशीनने केलेलं ते गाणं पुसावं तर मावशी आहे, ठेवावं तर तू आहेस. आणि मावशी आज ना उद्या बाकीची आठ मागणार. मला काही सुचत नाही आणि विचारायला तू नाहीस. सगळी गंमत संपलीये गं.

मावशीने चष्मा परत लावला. "अशू," ती म्हणाली, "परत लाव."

मी लावलं. दुसऱ्या ओळीला तू म्हणालीस, पोचले गं आई, झोप आता. स्क्रीनवर मावशी हळूच म्हणाली, "बरं, झोपते," आणि तशीच बसून राहिली.